यकृताची सौम्य अर्बुदे : निदान व उपचार यांच्या इतिहासातील काही टप्पे

एखाद्या रोगाचे स्वरूप निश्चित होणे आणि त्या रोगावर उपाय सापडणे या वैद्यकाच्या इतिहासातील दोन स्वतंत्र घटना होत, असे सामान्यतः मानले जाते. पुष्कळ रोगांच्या बाबतीत ते खरेही आहे. क्षयाचा जंतू १८८२ साली हाती लागला. त्यावरील परिणामकारक औषधासाठी मात्र साठाहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. यकृतातील सौम्य अर्बुदांचा इतिहास याहून निराळा आहे. येथे गाठीचे नाव ठरणे हाच पुष्कळदा उपचार ठरला आहे. गाठ कोणत्या जातीची आहे हे कळले, की बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत काहीही करावे लागत नाही. आणि ते न कळल्यास निरुपद्रवी गाठीसाठी पोट उघडण्याची, अथवा याच्या उलट, ज्या गाठीतून पुढे प्राणघातक रक्तस्राव होणार आहे ती घेऊन रुग्णाला निर्धास्तपणे घरी जाऊ देण्याची पाळी येते. नाव आणि शस्त्र यांच्यातील हा संबंध गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत कसा बदलत गेला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

येथे मुख्यतः तीन प्रकारच्या गाठींचा विचार कर्तव्य आहे. पहिली रक्तवाहिन्यार्बुद, म्हणजे रक्ताने भरलेल्या पोकळ्यांची स्पंजासारखी गाठ. यकृताच्या सौम्य अर्बुदांत हीच सर्वांत अधिक आढळते. दुसरी स्थानिक ग्रंथिल अतिवृद्धी. हिला वैद्यकात 'फोकल नॉड्यूलर हायपरप्लेझिया' म्हणतात. तिसरे ग्रंथ्यर्बुद, म्हणजेच 'ॲडिनोमा'. हे या तिहींत सर्वांत विरळ आणि सर्वांत बेभरवशाचे. जे अर्बुद शेजारच्या ऊतकांत घुसत नाही व दूरच्या इंद्रियांत पसरत नाही ते सौम्य, अशी व्याख्या आहे. परंतु सौम्य म्हणजे नेहमीच निरुपद्रवी असे नव्हे, हे तिसऱ्या प्रकारावरून दिसून येईल.

१. शस्त्राचा प्रवेश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत यकृतातील गाठ ही मुख्यतः शवपरीक्षेच्या मेजावर भेटणारी वस्तू होती. १८४६ साली ईथरने भूल देण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि १८६७ साली लिस्टरने आपली जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली. त्यानंतर पोटातील इंद्रियांवर शस्त्र चालविणे शक्य झाले. तरीही यकृतापाशी शल्यविशारदांचा हात थबकत असे, आणि त्याला सबळ कारण होते. यकृताला रक्ताचा पुरवठा दोन वाटांनी होतो : हृदयाकडून येणारी रोहिणी आणि आतड्यांतील रक्त घेऊन येणारी प्रवेशिनी नीला. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे चतुर्थांश रक्त या इंद्रियातून वाहते. शिवाय त्याचे ऊतक इतके ठिसूळ असते, की घातलेला टाका ओढताच ते फाटून येते.

इटलीत लियूस याने १८८६ साली यकृताच्या डाव्या भागातील ग्रंथ्यर्बुद काढल्याचा वृत्तांत नोंदविला आहे. कापलेल्या भागाला टाके घालता आले नाहीत व काही तासांतच रक्तस्रावाने रुग्ण दगावला. दोन वर्षांनी, १८८८ साली, बर्लिन येथील कार्ल लांगेनबुख याने यकृताचा काही भाग काढूनही रुग्ण वाचल्याचे जाहीर केले. पूर्वनियोजित यकृतच्छेदनाचे पहिले यश म्हणून इतिहासकार ज्याचा निर्देश करतात, ते हेच उदाहरण होय. काढलेल्या भागाचे वजन सुमारे ३७० ग्रॅम होते. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाल्यामुळे पोट पुन्हा उघडावे लागले, तथापि रुग्ण स्त्री बरी झाली.

या प्रसिद्ध उदाहरणातील एक गोष्ट सहसा नजरेआड होते. लांगेनबुखने काढलेला भाग हे अर्बुद नव्हतेच. त्या काळी युरोपातील स्त्रिया कंबर घट्ट आवळणारी काचोळी वापरीत. तिच्या सततच्या दाबामुळे यकृताचा एक भाग वेगळा पडून लोंबू लागला होता. यकृतावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा आरंभ अशा रीतीने एका गाठीसारख्या भासणाऱ्या, परंतु मुळात गाठ नसलेल्या भागाच्या छेदनाने झाला. पोट उघडण्यापूर्वी आत काय आहे हे कळण्याचा बोटांच्या स्पर्शाखेरीज दुसरा मार्ग नव्हता. हाताला लागलेली गाठ कर्करोगाची आहे, जलकोशाची आहे, उपदंशजन्य आहे की केवळ विकृत आकाराचे यकृत आहे, हे पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतरच ठरत असे. १८९९ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम कीन याने यकृतातील गाठींसाठी झालेल्या ७६ छेदनांचे कोष्टक प्रसिद्ध केले. नव्या क्षेत्रातील धाडसाचा तो लेखाजोखा होता. परंतु गाठ कोणती आणि ती काढणे आवश्यक होते काय, हा प्रश्न त्या पिढीपुढे अद्याप नीट उभा राहिलेला नव्हता. जे काढता येते ते काढावे, हीच त्या काळची रीत होती.

२. रक्तस्राव आणि नकाशा

पुढील अर्धशतक मुख्यतः रक्त थांबविण्याच्या प्रयत्नांत गेले. १८९६ साली कुझ्नेत्सॉव्ह व पेन्स्की या रशियन शल्यज्ञांनी यकृताच्या जाडीतून आरपार घालावयाच्या टाक्यांची पद्धत सुचविली. १९०८ साली ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल याने, यकृतात शिरणाऱ्या रोहिणी व प्रवेशिनी नीला यांना एकत्र चिमटीत धरून रक्तप्रवाह तात्पुरता रोखण्याची युक्ती वर्णिली. ती अपघातात फाटलेल्या यकृतासाठी होती. पुढे ती सर्व यकृतच्छेदनांची सोबतीण झाली आणि आजही तिच्या कर्त्याच्या नावाने ओळखली जाते.

केवळ रक्त थांबविल्याने मात्र प्रश्न सुटणारा नव्हता. यकृत कोठे कापावे, हे कळणे आवश्यक होते. बाह्यतः यकृताचे डावे व उजवे असे दोन भाग पाडणारा बंध दिसतो. ही विभागणी खरी नव्हे, असे १८९७ साली जेम्स कँटली याने प्रतिपादिले. पित्ताशयापासून मागील महानीलेपर्यंत जाणारी कल्पित रेषा हीच दोन अर्धांची खरी सीमा होय, कारण रक्तवाहिन्यांच्या शाखा त्या रेषेच्या दोहों बाजूंना विभागतात, हे त्याचे निरीक्षण होते. या विचाराला पूर्णत्व आले ते पॅरिसमध्ये. क्लोद क्विनो याने यकृतातील वाहिन्यांचे साचे तयार करून त्यांच्या शाखांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात यकृताचे आठ खंड मांडले. प्रत्येक खंडाला स्वतःची रोहिणी, स्वतःची प्रवेशिनी शाखा व स्वतःची पित्तनलिका असते. म्हणून शेजारच्या खंडाला फारशी इजा न करता एक खंड काढता येतो. याच सुमारास क्योटो येथे होंजो याने १९४९ साली आणि पॅरिस येथे लोर्ता-झाकोब व रोबेर यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात, वाहिन्या आधी बांधून संपूर्ण उजवा भाग काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली होती. हनोई येथे तोन थाट तुंग याने बोटांनी यकृताचे ऊतक चुरडून आतील वाहिन्या उघड्या करण्याची व त्या एकेक बांधण्याची रीत प्रचारात आणली.

१९६० च्या सुमारास अशी स्थिती आली, की यकृतातील जवळपास कोणतीही मर्यादित गाठ कुशल हातांना काढता येऊ लागली. आता प्रश्न बदलला होता. कोणती गाठ काढावी, याचे उत्तर शस्त्रगृहात मिळणारे नव्हते.

३. सूक्ष्मदर्शकाखालील नामकरण

ते उत्तर विकृतिशास्त्राकडून आले. लॉस एंजलीस येथील ह्यू एडमंडसन याने अमेरिकेच्या सैन्यदलाच्या विकृतिशास्त्र संस्थेसाठी यकृत व पित्तनलिका यांच्या अर्बुदांवर लिहिलेला सचित्र ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत या गाठींच्या नावांत मोठा गोंधळ होता. एकाच प्रकारच्या गाठीला कोणी ग्रंथ्यर्बुद म्हणत, कोणी स्थानिक सूत्रण रोग, तर कोणी जन्मजात रचनादोष. एडमंडसनने 'फोकल नॉड्यूलर हायपरप्लेझिया' ही संज्ञा रूढ करून या गोंधळातून दोन भिन्न गाठी वेगळ्या काढल्या.

भेद पुढीलप्रमाणे आहे. स्थानिक ग्रंथिल अतिवृद्धीत गाठीच्या मध्यभागी चाकाच्या तुंब्यासारखा तंतुमय व्रण असतो आणि त्यापासून आऱ्यांप्रमाणे पडदे निघतात. त्या पडद्यांत जाड भिंतींच्या रोहिण्या व बारीक पित्तनलिका दिसतात. म्हणजे यकृताचे सर्व घटक येथे हजर असतात, त्यांची मांडणी मात्र बिघडलेली असते. ग्रंथ्यर्बुदात याच्या उलट स्थिती असते. तेथे यकृतपेशींचे सलग थर असतात. पित्तनलिका नसतात, आणि आधार नसलेल्या पातळ भिंतींच्या वाहिन्या पेशींतून एकाकी धावतात. या वाहिन्या फुटतात व गाठीत किंवा उदरपोकळीत रक्तस्राव होतो. पहिली गाठ क्वचितच उपद्रव देते. दुसरी प्राण घेऊ शकते, आणि क्वचित तिचे कर्करोगात रूपांतरही होते. नुसत्या डोळ्यांना ज्या दोन गाठी भावंडांसारख्या दिसत, त्यांच्या नशिबात एवढे अंतर होते.

पहिल्या प्रकाराचे कारण पुढे १९८५ साली टोरांटोच्या इयन वॉनलेस व सहकारी यांनी सुचविले. एखाद्या ठिकाणी रोहिणीची रचना जन्मतः वा अन्य कारणाने बिघडलेली असली, की तेथे रक्ताचा पुरवठा वाजवीपेक्षा अधिक होतो आणि त्या वाढीव पुरवठ्याला यकृतपेशी आपली संख्या वाढवून प्रतिसाद देतात. या उपपत्तीप्रमाणे ही गाठ काटेकोर अर्थाने अर्बुद नव्हेच. ती यकृताची प्रतिक्रिया होय.

ग्रंथ्यर्बुदासंबंधी एडमंडसनच्या सामग्रीतील एक आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरला. लॉस एंजलीसच्या कौंटी रुग्णालयात १९१८ ते १९५४ या काळात झालेल्या सुमारे ५०,००० शवपरीक्षांत हे अर्बुद केवळ दोनदा आढळले होते. जी गाठ इतकी विरळ होती, ती पुढील वीस वर्षांत तरुण स्त्रियांमध्ये वरचेवर का दिसू लागली, हा प्रश्न या आकड्यामुळेच विचारता आला.

४. तेरा वर्षे न विचारलेला प्रश्न

१९६० साली अमेरिकेत पहिल्या संततिप्रतिबंधक गोळीला मान्यता मिळाली. तिच्यात आजच्या मानाने संप्रेरकांचे प्रमाण फार मोठे होते. थोड्याच वर्षांत लक्षावधी स्त्रिया ती घेऊ लागल्या. १९७३ साली मिशिगन येथील जॅनेट बाऊम व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक अल्प विस्ताराचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात यकृताच्या सौम्य अर्बुदांच्या सात रुग्णांची हकीकत होती. सातही तरुण स्त्रिया होत्या आणि सातही जणी संततिप्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्या होत्या.

सात ही संख्या लहान आहे. परंतु मूळ रोगच इतका विरळ, की त्याच्या पार्श्वभूमीवर ती मोठी ठरली. त्यानंतर निरनिराळ्या ठिकाणांहून अशीच वृत्ते येऊ लागली. १९७६ साली खुद्द एडमंडसन व सहकारी यांनी रुग्ण स्त्रिया व समवयस्क निरोगी स्त्रिया यांची तुलना करून हा संबंध दृढ केला. १९७९ साली रूक्स व सहकारी यांनी ७९ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळ्या जितकी अधिक वर्षे घेतलेल्या तितका धोका अधिक, असे त्यात दिसून आले. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या एक लाख स्त्रियांमागे वर्षाला तीन ते चार, आणि न घेणाऱ्यांत दहा लाखांमागे सुमारे एक, असा अंदाज तेव्हापासून ग्रंथांतून दिला जातो.

१९६० पासून १९७३ पर्यंतच्या तेरा वर्षांत हा संबंध कोणाच्या ध्यानी का आला नाही? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या अंतर्गत विभागणीत शोधावे लागते. गोळी लिहून देणारा स्त्रीरोगतज्ज्ञ एक, रक्तस्रावाने कोसळलेल्या स्त्रीचे पोट उघडणारा शल्यविशारद दुसरा, आणि काढलेली गाठ काचपट्टीवर पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ तिसरा. शिवाय ही गोळी निरोगी स्त्री घेत असे. रोगासाठी घेतले जाते ते औषध, या समजुतीमुळे 'आपण कोणती औषधे घेता' या नेहमीच्या प्रश्नाच्या उत्तरात तिचा उल्लेख सहज गळत असावा. निदानाची साधने हाती होती, नावही पंधरा वर्षांपूर्वीच ठरलेले होते. कमतरता होती ती तिन्ही नोंदी एका मेजावर आणण्याची.

या शोधाचे फळ लगेच मिळाले. १९७७ साली एडमंडसन व सहकारी यांनी गोळ्या बंद केल्यानंतर ग्रंथ्यर्बुदे आक्रसल्याची उदाहरणे प्रसिद्ध केली. एका औषधाचा त्याग हा एका अर्बुदावरील उपचार होऊ शकतो, ही गोष्ट शल्यविशारदांना नवीन होती. पुढे गोळ्यांतील ईस्ट्रोजेनचे प्रमाणही बरेच कमी करण्यात आले.

नाव चुकले असता दोषही चुकीच्या ठिकाणी लागतो, याचे उदाहरण याच प्रकरणात आहे. आरंभी स्थानिक ग्रंथिल अतिवृद्धीचाही संबंध या गोळ्यांशी जोडला गेला. त्यामुळे ही निरुपद्रवी गाठ असलेल्या स्त्रियांनाही गोळ्या सोडण्याचा सल्ला मिळे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील २१६ स्त्रियांच्या अभ्यासात, गोळ्यांमुळे या गाठीच्या संख्येत वा आकारात फरक पडत नाही, असे आढळले.

५. निदानातून व उद्योगातून उद्भवलेली विरळ अर्बुदे

मानवी हातून यकृतात अर्बुद निर्माण झाल्याचे गोळीचे उदाहरण एकमेव नव्हे. यकृताचे चित्र मिळविण्याच्या धडपडीतूनच एक मारक अर्बुद जन्मास आले होते. १९३० च्या सुमारास 'थोरोट्रास्ट' या नावाने थोरियम डायऑक्साइडचे कलिली द्रावण क्ष-किरण चित्रणासाठी प्रचारात आले. ते शिरेतून दिले असता यकृत व प्लीहा यांच्या छाया ठळक उमटत, आणि तत्काळ त्रास जवळजवळ होत नसे. परंतु थोरियम किरणोत्सर्गी असून ते शरीराबाहेर टाकले जात नाही. यकृतात ते आयुष्यभर राहिले आणि वीस, तीस किंवा त्याहून अधिक वर्षांनी अनेक रुग्णांत रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून निघणारा दुर्मिळ कर्करोग, 'अँजिओसार्कोमा', उद्भवला. मॅकमेहन व सहकारी यांनी १९४७ साली अशा रुग्णाची नोंद केली. तरी या द्रव्याचा वापर पूर्णपणे थांबण्यास त्यानंतरही काही वर्षे लागली.

हाच कर्करोग १९७४ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे एका प्लास्टिकच्या कारखान्यातील कामगारांत आढळला. विनाइल क्लोराइड वायूने भरलेल्या पात्रांची साफसफाई हे त्यांचे काम होते. एकाच कारखान्यात तिघांना असा विरळ रोग व्हावा, हे कारखान्याच्या डॉक्टरांना योगायोगाचे वाटले नाही. त्याच वर्षी अमेरिकेत या वायूचे हवेतील अनुज्ञेय प्रमाण दशलक्ष भागांत एका भागावर आणण्यात आले. येथेही विरळपणा हाच सुगावा ठरला. नेहमीच्या कर्करोगाचे तीन रुग्ण कोणाच्या डोळ्यांत भरले नसते.

६. प्रतिमा व जनुके

पोट न उघडता ऊतकाचा नमुना मिळविण्याचा मार्ग सुईने खुला केला. कोपनहेगनच्या इव्हर्सन व रोहोल्म यांनी १९३९ साली यकृताच्या सूचिछेदनाला शास्त्रीय रूप दिले आणि १९५८ साली मेंघिनी याने ते एका सेकंदात होईल अशी सुई बनविली. परंतु अर्बुदांच्या बाबतीत सुईला मर्यादा होत्या. वाहिन्यार्बुदात टोचल्यास रक्तस्रावाची भीती, आणि ग्रंथ्यर्बुदाचा लहानसा तुकडा सौम्य आहे की कर्करोगाचा, हे सांगणे निष्णातांनाही कठीण.

१९७१ साली लंडनमध्ये पहिला सीटी स्कॅन झाला. १९७० नंतरच्या दशकात सोनोग्राफीचा व त्यापाठोपाठ एमआरआयचा प्रसार झाला. त्यामुळे दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी, की अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत अनपेक्षित गाठी दिसू लागल्या आणि ज्यांना कधी त्रास झाला नसता अशी माणसे रुग्ण बनली. दुसरी अशी, की त्याच साधनांनी त्यांचे भय दूरही केले. शिरेतून दिलेले द्रव्य वाहिन्यार्बुदात कडेकडून ठिपक्याठिपक्यांनी मध्याकडे भरत जाते, ते कर्करोगात तसे भरत नाही. २००४ नंतर युरोपात वापरात आलेले गॅडॉक्सेटिक आम्ल यकृतपेशी शोषून घेतात. स्थानिक ग्रंथिल अतिवृद्धी ते धरून ठेवते, बहुतेक ग्रंथ्यर्बुदे धरीत नाहीत. एडमंडसनने काचपट्टीवर पाहिलेला भेद अशा रीतीने जिवंत माणसाच्या शरीरात, शस्त्राविना, दिसू लागला.

२००२ साली पॅरिसमध्ये झेसिका झुकमान-रोस्सी यांच्या गटाने ग्रंथ्यर्बुदांत एका विशिष्ट जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या आढळल्याचे दाखविले. २००६ साली याच गटाने, बॉर्दो येथील पॉलेट बियूलाक-साज यांच्या सहकार्याने, ९६ अर्बुदांचा अभ्यास करून ग्रंथ्यर्बुद हेही एक नसून अनेक आहेत असे प्रतिपादिले. काहींत मेद साचतो, काहींत दाह असतो व ती स्थूल व्यक्तींत अधिक आढळतात. आणि ज्यांत 'बीटा-कॅटेनिन' या प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन असते, त्यांची कर्करोगाकडे वाटचाल होण्याची शक्यता अधिक असते. १९५८ साली जे नाव गोंधळातून वेगळे काढले गेले, त्याच्याच पोटात आता नवी नावे निघाली.

७. संयमाचे शास्त्र

याच काळात शस्त्रक्रिया सुलभ होत गेली. १९९१ व १९९२ साली पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साह्याने यकृतातील गाठी काढल्याचे पहिले वृत्तांत आले, आणि त्या गाठी प्रामुख्याने सौम्य होत्या. सुलभतेबरोबर मोहही आला : काढणे सोपे असेल तर ठेवावे कशाला? या मोहाला उत्तर म्हणून युरोपीय यकृत-अभ्यास संघाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांकडे पाहता येईल. त्यांनुसार ठराविक लक्षणांचे वाहिन्यार्बुद वा स्थानिक ग्रंथिल अतिवृद्धी असेल आणि रुग्णाला त्रास नसेल, तर उपचाराची गरज नाही. ग्रंथ्यर्बुद असलेल्या स्त्रीने प्रथम गोळ्या थांबवाव्यात, वजन उतरवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा चित्रण करावे. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी राहिली किंवा वाढत असली, तर ती काढावी. पुरुषातील ग्रंथ्यर्बुद, तसेच बीटा-कॅटेनिनचे उत्परिवर्तन असलेले अर्बुद मात्र, आकार कसाही असला, तरी काढावे, कारण तेथे कर्करोगाचा धोका मोठा आहे. रक्तस्राव झाल्यास रोहिणीतून नळी घालून ती वाहिनी आतून बंद करता येते; लियूसच्या रुग्णाचा अंत ज्या कारणाने झाला त्यावर आता घाईची शस्त्रक्रिया हाच एकमेव उपाय उरलेला नाही.

या सूत्रांत शस्त्राचा अधिकार नाकारलेला नाही. तो नेमका केला आहे. क्विनोच्या नकाशाशिवाय मोठी ग्रंथ्यर्बुदे सुरक्षितपणे काढता आली नसती, आणि एडमंडसनच्या नावांशिवाय कोणती काढावी हे ठरले नसते. तथापि हे काम पूर्ण झालेले नाही. ग्रंथ्यर्बुदांपैकी काही आजही कोणत्याही जनुकीय गटात बसत नाहीत आणि 'अवर्गीकृत' या सदराखाली नोंदली जातात. अशी गाठ असलेल्या रुग्णाला काय सांगावे, याचा निर्णय आकार, वाढ व लिंग या जुन्या खुणांवरूनच करावा लागतो. नाव जेथे अद्याप ठरलेले नाही, तेथे शस्त्र हाती घेण्याचा किंवा खाली ठेवण्याचा निर्णय आजही अंदाजानेच होतो.